देवमासा उचलायला किती माणसे?

शाळेच्या गणितात शोभेल असा एक प्रश्न घेऊ. एका निळ्या देवमाशाचे वजन १०० टन आहे. एक माणूस ५० किलो वजन उचलू शकतो, तर तो देवमासा उचलायला किती माणसे लागतील? पाचवीतले मूल टनांचे किलो करील, १,००,००० ला ५० ने भागील आणि २,००० हे उत्तर लिहून मोकळे होईल. पूर्ण गुणही मिळतील, कारण भागाकार बरोबर आहे आणि एककेही बरोबर आहेत. तरीही अशी २,००० माणसे खरोखर किनाऱ्यावर आणून उभी केली, तर देवमासा तसूभरही वर येणार नाही. तो का येणार नाही, हे समजायला भागाकाराहून फारसे अवघड गणितही लागत नाही.

शाब्दिक उदाहरण वाचताना नजर आधी आकड्यांवर जाते. १००, ५०, मग भागायचे की गुणायचे? पण कोणते समीकरण मांडायचे हे आकडे सांगत नाहीत, ते वाक्यातले क्रियापद सांगते. उचलणे, ओढणे, तरंगवणे, टांगणे, वाहून नेणे या प्रत्येक क्रियेचा हिशेब वेगळा आहे. प्राणी तोच, वजन तेच, आणि उत्तर मात्र कधी दोन हजार, कधी शून्य आणि कधी ‘एक माणूसही पुरे’ असे येते. शाब्दिक उदाहरणांत मुले अडतात ती आकडेमोडीत कमी आणि या क्रियापदापाशी जास्त, असे माझे मत आहे. देवमाशाएवढा मोठा प्राणी घेतला की ते लख्ख दिसते, कारण लहान वस्तूंच्या बाबतीत खपून जाणारी गृहीतके इतक्या वजनाखाली टिकत नाहीत.

त्रैराशिक कुठे अडते

वरचे उत्तर त्रैराशिकाने आले. तीन राशी माहीत असल्या की चौथी काढायची ही रीत आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास दिली आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ने (११५०) ती घरोघरी पोचवली. एका माणसाला ५० किलो, तर १,००,००० किलोंना किती? रीत निर्दोष आहे. फक्त तिच्यात एक न बोललेली अट आहे. येणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्याइतकाच भार उचलेल, ही ती अट. लग्नघरात आमटीने भरलेला हंडा उचलायचा असतो तेव्हा ही अट कुठे मोडते हे सगळ्यांना दिसते. कडेला चार जणांचे हात लागले की पाचवा मदतीला आला तरी त्याला धरायला जागाच नसते, तो नुसता पायात येतो. हंड्याच्या वजनाने चार हा आकडा ठरलेला नाही, तो हंड्याच्या काठाने ठरवला आहे.

आता देवमाशाचा काठ मोजू. १०० टनांचा निळा देवमासा साधारण २५ मीटर लांब मानू. माणसाला उभे राहायला अर्धा मीटर तरी रुंदी लागते. म्हणजे एका बाजूला ५०, दोन्ही बाजूंना मिळून १०० माणसे. प्रत्येकाच्या वाट्याला एक टन वजन आले. ऑलिंपिकमधले सर्वांत ताकदवान भारोत्तोलक डोक्यावर जेवढे तोलतात त्याच्या तिपटीहूनही हे जास्त आहे. उरलेली १,९०० माणसे प्रेक्षक झाली.

यावर कोणी म्हणेल, मग खालून पट्टे घाला, पट्ट्यांना लांब दांडे जोडा, म्हणजे दूर उभ्या माणसांनाही भार घेता येईल. आक्षेप रास्त आहे आणि थोड्या वजनापुरता तो उपयोगीही पडतो. पण हिशेब पुढे नेऊन पाहावा. दाटीवाटीने एका चौरस मीटरमध्ये दोन माणसे उभी केली, तरी २,००० माणसांना १,००० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे २५ मीटर गुणिले ४० मीटर. इतक्या रुंदीचा सांगाडा मधोमध १०० टन पेलूनही वाकू नये, तर तो चांगल्या जाड पोलादाचा हवा. त्या पोलादाचे वजन कोण उचलणार? त्यासाठी आणखी माणसे, त्यांच्यासाठी सांगाडा आणखी रुंद, तो आणखी जड. भागाकाराने सुरू झालेला प्रश्न स्वतःचीच शेपटी पकडायला धावतो.

अडचणीचे मूळ लांबी आणि वजन यांच्या नात्यात आहे. आकार तसाच ठेवून लांबी दुप्पट केली तर रुंदी दुप्पट होते, जाडीही दुप्पट होते, म्हणून वजन २ × २ × २ म्हणजे आठपट होते. काठ मात्र दुप्पटच वाढतो. धरणारे हात दुप्पट आणि भार आठपट, म्हणजे प्रत्येक हातावरचा भार चौपट. प्राण्याची लांबी वाढते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात प्रत्येकाचे ओझे वाढत जाते.

> चौकट: एकच आकार, तीन लांब्या
> २५ मीटर: वजन १,००,००० किलो, सभोवती माणसे १००, प्रत्येकी भार १,००० किलो.
> ५.६ मीटर: वजन सुमारे १,१२० किलो, माणसे २२, प्रत्येकी भार सुमारे ५० किलो. ‘उचलणे’ इथे संपते.
> २.५ मीटर: वजन १०० किलो, माणसे १०, प्रत्येकी भार १० किलो.
> खरा डॉल्फिन याहून गुटगुटीत असतो. अडीच मीटरच्या डॉल्फिनचे वजन २०० किलो धरले तरी प्रत्येकी २० किलोच येतात. म्हणून डॉल्फिन झोळीत घालून माणसांनी उचलता येतो आणि तसा तो उचलतातही.

पुस्तकातले गणित डॉल्फिनचे असते तर त्रैराशिकावर काहीच आक्षेप नव्हता. साडेपाच मीटरांच्या आसपास रीत बदलते, आणि प्रश्नातला एकही शब्द तशी सूचना देत नाही.

आणि वजन आले कुठून?

१०० टन हा आकडा आपण बिनतक्रार घेतला. उभ्या प्राण्याला तराजूवर चढवणे हत्तीच्या बाबतीतही अवघडच. भीमा-इंद्रायणीच्या संगमावरच्या तुळापूरची आख्यायिका महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. विजापूरच्या मुरार जगदेवांना हत्तीची तुला करायची होती, आणि शहाजीराजांनी तोड सुचवली असे सांगतात. हत्तीला नावेत उभे करायचे, नाव पाण्यात जिथवर बुडाली तिथे खूण करायची, हत्ती उतरवून त्याच खुणेपर्यंत नाव बुडेल इतके दगड भरायचे, आणि मग दगड तोलायचे. उचलता न येणारे एक वजन उचलता येणाऱ्या शंभर वजनांत फोडण्याची ही युक्ती आहे. कथेच्या ऐतिहासिक तपशिलाबद्दल कोणी काहीही म्हणो, तिच्यातले भौतिकशास्त्र चोख आहे.

देवमाशांचे वजन मात्र फार निर्दयपणे मोजले गेले. विसाव्या शतकात शिकारी जहाजांवर त्यांचे तुकडे करून एकेक तुकडा तोलला जाई. कापताना वाहून गेलेले रक्त आणि द्रव अंदाजाने मिळवावे लागत. म्हणून मोठ्या देवमाशांच्या वजनाला शेवटच्या किलोपर्यंत अचूक मानण्यात अर्थ नाही. ऋतूनुसार त्यांच्या अंगावरची चरबीही खूप कमीजास्त होते, तेव्हा सारख्याच लांबीच्या दोन प्राण्यांत दहा-वीस टनांचा फरक पडू शकतो. उत्तरात २,००० ऐवजी कोणी १,९८७ माणसे असे काढून दाखवले तर त्या काटेकोरपणाचे कौतुक करू नये. मूळ मापच इतके बारीक नाही.

शिवाय नेमके काय उचलायचे आहे? लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या मुख्य दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाच्या मादीचा सांगाडा छताला टांगलेला आहे. ही मादी १८९१ मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्ड बंदराजवळ अडकली होती. सांगाडा २५.२ मीटर लांब आणि वजन सुमारे साडेचार टन. आपल्या उदाहरणातल्या देवमाशाएवढीच लांबी, पण भार विसाव्या हिश्शाहूनही कमी.

पाणी उचलते तेव्हा

१६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दोन नवी शास्त्रे’ या ग्रंथात गॅलिलिओने लांबी आणि वजन यांच्या नात्याचा हाच मुद्दा मांडला होता. प्राणी मोठा होत गेला की त्याचे वजन हाडांच्या ताकदीपेक्षा वेगाने वाढते, म्हणून राक्षसी आकाराचे प्राणी असू शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे. ग्रंथ संवादरूप असल्यामुळे त्यातले एक पात्र लगेच विचारते की मग समुद्रातल्या अवाढव्य देवमाशांचे काय? उत्तर असे की पाण्यात त्यांचे वजन हाडांना पेलावेच लागत नाही, ते पाणी पेलते.

हे आर्किमिडीजचे तत्त्व. बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो. एक घनमीटर समुद्राचे पाणी सुमारे १,०२५ किलो भरते. देवमाशाची घनता जवळजवळ तेवढीच, म्हणून १०० टनांचा देवमासा जेमतेम ९८ घनमीटर पाणी सारून तरंगतो. पाण्यातल्या पाण्यात तो ‘उचलायला’ किती माणसे लागतील? जवळपास शून्य. शहाजीराजांच्या गोष्टीत हत्तीला नाव लागली, देवमासा स्वतःच नाव आहे.

हा आधार सुटला की काय होते ते रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर जून २०१५ मध्ये दिसले. तिथे सुमारे ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत वाहून आला. त्याचे वजन २० टनांच्या आसपास असल्याचे बातम्यांत आले होते. गावकऱ्यांनी आणि वनखात्याने त्याला पाण्यात परत ढकलण्याचे प्रयत्न केले, पण तो वाचला नाही. जमिनीवर पडलेल्या देवमाशाला त्याचे स्वतःचे वजनच मारते. छाती दाबली जाते, श्वास घेणे जड होते आणि चरबीच्या जाड थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही.

अशा वेळी हिशेब उचलण्याचा नसतो, ओढण्याचा असतो. आणि ओढण्याचे गणित वेगळे आहे. ओल्या वाळूवरून सरकवायला वजनाच्या निम्मा जोर लागतो असे मानले, तर २० टनांसाठी १० टन ओढ हवी. एक माणूस सतत ३० किलोंची ओढ देऊ शकला तर साधारण ३३३ माणसे. इथे काठाची अडचण नाही, कारण दोर हवा तेवढा लांब करता येतो आणि त्यावर माणसांची रांग लागते. म्हणजे उचलताना मोडलेले त्रैराशिक ओढताना पुन्हा चालू लागले! भरतीची वाट पाहिली तर आणखी सोपे. प्राण्याचे निम्मे अंग बुडाले की निम्मे वजन पाणी घेते, वाळूवरचा दाब निम्मा होतो, आणि माणसेही निम्मी पुरतात. अर्थात वाळूत रुतलेले अंग आधी मोकळे करावे लागते. आणि शेपटीला दोर बांधून ओढले तर पाठीचा कणा दुखावतो, म्हणून जाणकार तसे करू देत नाहीत. प्राण्याच्या शरीराला किती ताण सोसेल ही मर्यादा गणितात लिहिलेली नसते, पण ती सर्वांत आधी लागू होते.

क्रेन आणली तर

‘हा सगळा खटाटोप कशाला, क्रेन बोलवा,’ हा पुढचा सोपा उपाय. समजा १२ टनी क्रेन आणली आणि प्राणी ६ टनांचा आहे. बारातून सहा गेले, उचलेलच की! पण क्रेनवर लिहिलेले १२ टन बूम जवळ घेतलेली असतानाचे असतात. भार जितका लांब, तितकी क्रेन पुढे कलंडण्याचा धोका मोठा. दोन मीटरवर १२ टन पेलणारी क्रेन चार मीटरवर ढोबळमानाने ६, आणि आठ मीटरवर ३ टनच पेलेल. अंतर गुणिले वजन हा गुणाकार कायम राहतो. हेच व्यस्त त्रैराशिक, एक राशी वाढली की दुसरी घटणारे. ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी ते साध्या त्रैराशिकाला लागूनच दिले आहे आणि ते कुठे वापरायचे याची उदाहरणेही दिली आहेत. जनावराचे वय वाढले की त्याची किंमत उतरते, हे त्यांतले एक. कोणती रीत कुठे चालणार नाही हे सांगणे म्हणजे रीत शिकवण्याचाच भाग, हे साडेआठशे वर्षांपूर्वी कळले होते.

आता जोर आणि ऊर्जा यांतला फरक, कारण इथे उत्तर सर्वांत अनपेक्षित येते. १०० टन वजन एक मीटर उंच नेण्यासाठी ऊर्जा किती? १,००,००० किलो × ९.८ × १ मीटर म्हणजे ९,८०,००० ज्यूल. आहाराच्या भाषेत सुमारे २३५ कॅलरी. एवढी ऊर्जा सत्तरेक ग्रॅम कच्च्या तांदळात असते. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच कामाला लावतात असे धरले, तरी पाव ते एक तृतीयांश किलो तांदूळ पुरतो. देवमासा उचलायला एका माणसाचे एका दिवसाचे जेवण पुरे, हे विधान ऊर्जेपुरते अगदी खरे आहे. मग अडते कुठे? एकाच वेळी लावायच्या जोरापाशी. कप्प्यांची मोठी जुळणी करून ५० किलोंच्या ओढीने १०० टन हलवता येतील, म्हणजे जोर २,००० पट वाढेल. मात्र देवमासा एक मीटर वर यायला त्या माणसाला २,००० मीटर, म्हणजे दोन किलोमीटर दोर ओढावा लागेल, आणि कप्प्यांतल्या घर्षणाचे देणे निराळे. ‘किती माणसे लागतील’ या प्रश्नाला ‘एक, पण भरपूर वेळ द्या’ हेही उत्तर आहे.

मुलांना एवढे कशाला?

गणिताचे शिक्षक इथे हरकत घेतील. पाचवीच्या मुलाला भागाकार शिकवायचा आहे, त्यात घर्षण आणि कप्प्या घुसडल्या तर भागाकारही राहील आणि भौतिकशास्त्रही. हरकतीत तथ्य आहे. सोपे करणे हा शिकवण्याचा प्राण आहे आणि प्रत्येक उदाहरणात खरा समुद्र आणायची गरज नाही. पण सोपे करणे वेगळे आणि सोपे केले आहे हे लपवणे वेगळे. ‘प्रत्येकाला धरायला जागा मिळते असे माना’ हे एक वाक्य प्रश्नात टाकले, तर भागाकार तसाच राहतो आणि मुलाला कळते की इथे काहीतरी मानलेले आहे.

न सांगितल्याचा परिणाम काय होतो याचे पुरावे आहेत. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे १९७९–८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या मुलांना विचारले गेले की जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दाखवले. मुले मूर्ख नव्हती. गणिताच्या तासाला दिलेला प्रश्न सुटणारच, आणि दिलेले सगळे आकडे वापरायचेच, हा अलिखित नियम त्यांनी उत्तम आत्मसात केला होता. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १,१२८ सैनिक आणि प्रत्येक बसमध्ये ३६ जागा, तर किती बस, असा प्रश्न होता. सुमारे ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर आला, पण ३२ हे उत्तर २३ टक्क्यांनीच दिले. २९ टक्के मुलांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले. बाकी उरलेले ते १२ सैनिक बहुधा अजून थांब्यावरच असतील. भागाकार येत होता, ‘नेणे’ हे क्रियापद वाचलेले नव्हते.

दुसरी हरकत अशी की खरी कामे करणारे लोक हिशेब न करता अंदाजाने निभावतात. मोठ्या समुद्री प्राण्यांच्या बाबतीत तसे होत नाही. ‘फ्री विली’ चित्रपटात काम केलेला केइको हा ओर्का १९९६ मध्ये मेक्सिको सिटीहून विमानाने अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात नेला गेला, आणि १९९८ मध्ये तिथून लष्करी मालवाहू विमानाने आइसलंडला. पहिल्या प्रवासाच्या वेळी त्याचे वजन साडेतीन टनांच्या घरात होते. क्रेनने उचलताना त्याला कापडी झोळीत घेतले जाई, आणि प्रवासात तो पाणी व बर्फ भरलेल्या टाकीत असे.

या टाकीत एक सुंदर कोडे आहे. केइको पाण्यात आहे, पाणी त्याचे वजन पेलते आहे, तर विमानावरचा भार तेवढा कमी होईल का? क्रियापदाचा कर्ता बदलून पाहा. केइकोला कोण उचलते आहे? पाणी. पाण्याला कोण उचलते आहे? टाकीचा तळ. पाणी केइकोला जितक्या जोराने वर ढकलते, तितक्याच जोराने केइको पाण्याला खाली ढकलतो. तो आत आला की पातळी चढते आणि तळावरचा दाब वाढतो. टाकीखाली काटा ठेवला तर तो प्राणी, पाणी, बर्फ आणि टाकी यांची पूर्ण बेरीज दाखवेल, एक किलोही कमी नाही. तरंगण्याचा फायदा फक्त केइकोच्या फुप्फुसांना झाला, विमानाला नाही. उलट प्राण्याला जितका आराम द्यावा तितके विमान जड होते. नऊ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद टाकी धरली, तर पाण्याची पातळी फक्त दहा सेंटिमीटर वाढवणे म्हणजे आणखी सव्वादोन टन उचलणे.